जाड बाजू डाव्या हाताकडे

मी एक जुनं लाटणं आहे, मित्रांनो. पोळ्या लाटणारं गुबगुबीत नव्हे. पापडाचं, बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात शिसवीच्या तुकड्यातून मला कातून काढलं आणि तिथून मी कमलेशशेठच्या पापडाच्या कारखान्यात सगुणाबाईंच्या हाती आलो.

सगुणाबाईंची एक सवय होती. उडदाच्या पिठाचा गोळा पुढ्यात घेतला की लाटायच्या आधी त्या पुटपुटायच्या, "आज ऊन पडणार नाय. पीठ चिकटेल. शेठ ओरडेल. झालं सांगून? चल आता."

"सकाळी सकाळी कशाला वंगाळ बोलतेस गो?" शेजारच्या पाटावरच्या रखमाबाई चिडायच्या.

"वंगाळ यायचंच असेल तर ओळखीचं होऊन येऊ दे. मग घाबरायला होत नाय."

आणि खरंच, कसाही दिवस उगवो, त्या हसतच असायच्या. शेठ त्यांचा पापड खिडकीशी उजेडात धरायचे. पापडाआडून स्वतःची बोटं दिसली की "वाह मौसी!" म्हणायचे. त्या कौतुकातला थोडा वाटा मी गुपचूप आपल्याकडे घ्यायचो.

मग एकदा गच्चीवरचे वाळलेले पापड आणताना जिन्यात त्यांचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं काही मिटेनात. तोवर मी डब्यात पडून होतो. ना तेल, ना फडकं. एका टोकाला बारीक भेग गेली. आता आपण चुलीत जाणार, अशी माझी खात्रीच झाली.

पण त्या आल्या. शेठ अवघडून म्हणाले, "मौसी, जागा तुमचीच आहे. पण पापड पास झाला पाहिजे. नाहीतर घर पे आराम करा." नवरा गेल्यावर याच पाटाने सगुणाबाईंना सावरलं होतं. घरी बसणं त्यांना सोसणारं नव्हतं.

त्यांनी मला तेल चोळलं आणि पुटपुटल्या, "आज उजवा हात ऐकणार नाय. पापड वाकडा होईल. पोरी हसतील. झालं सांगून? चल."

पापड वाकडाच झाला. डावीकडे पातळ, उजवीकडे जाड. आजूबाजूच्या पाटांवरच्या पोरी हसल्यासुद्धा. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. सगुणाबाई मात्र पापडाकडे निरखून बघत होत्या. मग त्यांनी उजवा तळहात पापडावर सपाट ठेवला आणि पापड फिरवला. जाड बाजू डाव्या हाताकडे आली. ती लाटली. पुन्हा फिरवला.

"धरता येत नाय ना, नको धरू," त्या आपल्याच हाताला म्हणाल्या. "फिरवता येतंय तेवढं फिरव."

मित्रांनो, मी लाकूड आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. जे गेलं त्याला त्यांनी जाऊ दिलं आणि जे उरलं त्याला कामाला लावलं. एवढं बळ मी कुठल्याही धडधाकट हातात पाहिलेलं नाही.

शेठनी पापड उजेडात धरला. आडून त्यांची पाचही बोटं दिसली. सगुणाबाईंचा पाट त्यांनी स्वतः वाकून खिडकीशी सरकवला.

हल्ली सकाळी रखमाबाईही पुटपुटतात. तुमच्या घरात एखादी तडकलेली वस्तू असेल तर तिला पुसा, तेलाचं बोट लावा आणि टाकायच्या आधी एकदा फिरवून बघा. माझी भेग वाढते आहे, ते मला ठाऊक आहे. म्हणून सगुणाबाईंनी हातात घेतलं की मीही मनाशी म्हणतो, आज मी मोडेन. झालं सांगून? चल.