पानमळ्याच्या दारातल्या चपला

खंडेराव मास्तरांचा खून भर दुपारी झाला. त्यांची सगळी बॅले कंपनी तेव्हा सुक्या बोंबलाच्या कालवणावर ताव मारून आडवी झाली होती. पडद्याचे खांब रोवायला आणलेली लोखंडी पहार मास्तरांच्या डोक्याशी पडली होती, आणि मास्तर बंगल्याच्या मागच्या पडवीत पालथे पडले होते. शकू नावाची नाचणारी मुलगी पाणी प्यायला उठली, तिनं ते पाहिलं आणि तिथंच बसकण मारली.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चालू होतं ते दिवस. बोईसरच्या कॉलनीत देशोदेशीची माणसं येऊन राहिली होती, आणि त्यांच्या करमणुकीसाठी मुंबईहून ही कंपनी बोलावली होती. बोईसरला उतरायला जागा मिळेना, म्हणून केळव्यात एका शेटजीचा बंगला मिळाला. बॅले म्हणजे काय ते गावात कुणाला ठाऊक? तोंडातून अक्षर न काढता नुसते नाचतात, त्याला म्हणे तिकीट असतं, एवढंच कळलं होतं. पण गाव त्या तालमी बघायला कुंपणाशी गर्दी करी ते नाचासाठी नव्हे. ते दमयंतीला बघायला यायचं.

दमयंती त्याच गावची, बागायतदाराच्या घरातली. नाच शिकते म्हणून मुंबईला गेली आणि मास्तरांच्या घरी राहिली ती राहिलीच. मास्तरांशी लग्न झालं, असा निरोप तिनं घरी धाडला होता. झालं नव्हतं. मास्तर म्हणायचे, कलावंताला कशाला दावं? तिनं स्वतःच्या हातानं काळी पोत विकत आणून गळ्यात घातली, आणि पुढं ती इतकी सवयीची झाली की खोटी आहे हेही ती विसरली. आता चाळिशी आली होती. तिचं नाचणं संपलं होतं, मुलांना शिकवण्यापुरतं उरलं होतं. थोरला भाऊ विश्राम तिच्याशी एक शब्द बोलत नव्हता. त्याचा पानमळा मात्र शेटजीच्या बंगल्याला लागूनच होता.

फौजदार आले बळवंतराव. माणूस देशावरचा, नवा आणि घाईचा. बंगल्यामागून वाळूची बोळ निघते ती थेट विश्रामच्या मळ्याच्या झापाशी, म्हणजे झावळ्यांच्या दाराशी जाते. वाळू कोरडी, तिच्यात काही उमटलेलं नव्हतं. पण मळ्यात दुपारीच पाणी सोडलेलं, आणि त्या ओल्या मातीत एका माणसाची धावती पावलं उमटली होती. अनवाणी, झापापासून थेट पलीकडच्या रस्त्यापर्यंत.

"बूट काढा साहेब," पोलीस पाटील म्हणाला. "पानाच्या मळ्यात पायतानानं जात नाय. वेल जळतो."

"खुनाचा तपास आहे का सत्यनारायण?" असं पुटपुटत फौजदारांनी बूट काढले, झापाबाहेर ठेवले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा हिशेब पुरा झाला होता. गावातला माणूस दुसऱ्याच्या पानमळ्यात पाय टाकत नाही, हे पाटलानंच सांगितलं. मळ्याचा मालक विश्राम सकाळपासून पालघरच्या बाजारात. मग आत शिरला तो बाहेरचा. बाहेरचा आणि अनवाणी! अनवाणी तर बॅलेवालेच हिंडतात. आणि बॅलेवाल्यांत सकाळी मास्तरांशी कोण भांडलं होतं? देवू.

देवू दातिवऱ्याच्या कोळ्याचा मुलगा. जत्रेत नाचताना दमयंतीनं त्याला पाहिलं, कंपनीत आणलं, तळहातावरच्या फोडासारखं जपून शिकवलं. त्याच्यासारखी उडी मुंबईत कुणाची नव्हती. त्या सकाळी मास्तरांनी त्याचं काम काढून दुसऱ्याला दिलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एक दिस मी यांचा जीव घेईन." रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. शिवाय दुपारी तो विहिरीवर अंघोळीला गेला होता, त्यामुळं पायाला चिखल. झालं, फौजदारांना आणखी काय हवं?

त्याआधी, फौजदार अजून मळ्यात होते तेव्हा, दमयंती झापाशी उभी होती. तिची नजर बुटांवर गेली. बुटांशेजारी एक चपलांचा जोड होता. टायरच्या तळाच्या चपला. पोलिसांनी त्या पाहिल्या होत्या, पण मळ्याच्या दारात चपला असायच्याच, त्यात काय बघायचं? मळ्यात राबणाऱ्या चिंधू आणि नवसीच्या असतील म्हणून सगळे त्या ओलांडून गेले होते.

पण चिंधू आणि नवसीनं जन्मात चपला घातलेल्या नव्हत्या. हे दमयंतीला ठाऊक होतं. आणि त्या चपला नुसत्या काढलेल्या नव्हत्या. जोडीनं लावलेल्या होत्या, पुढची टोकं बाहेरच्या बाजूला. तिचे वडील पोरांना तसंच शिकवायचे: चपला काढल्या की वळवून ठेव, निघताना देवाच्या मळ्याच्या दारात धडपडायला नको. एका माणसाचं डोकं फोडून जीव मुठीत घेऊन पळणारा माणूस मळ्याच्या दारात थांबला होता, त्यानं चपला काढल्या होत्या, वळवून नीट लावल्या होत्या आणि मग पुन्हा पळत सुटला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. असा या गावात तिला एकच माणूस माहीत होता.

तिनं काय केलं म्हणता? तिनं त्या चपला उचलल्या आणि घुंगरांच्या पिशवीत तळाशी कोंबल्या. कुणी पाहिलं नाही. फौजदार बाहेर आले, वाकून बूट चढवले, आणि शेजारची जागा रिकामी झाली आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

देवूला दोरी बांधून नेलं. जाताना तो रडत होता, एवढा उंच पोरगा. "ताई, तुमी सांगा ना यांना. तुमी सांगितलं तर ऐकतील."

"काळजी करू नको," दमयंती म्हणाली. हेच शब्द तिच्या तोंडून निघाले, आणि पिशवी तिनं छातीशी धरलेली होती. लाज अशी वाटली की आपली जीभ आपणच कापून टाकावी. पण बोलायचं कसं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकदा तिनं त्या घराचं नाक कापलं होतं. आता भावाला फासावर चढवायचं?

संध्याकाळी गावातल्या बायका आल्या. नवरा गेलेल्या बाईचं जे करायचं ते करायला आल्या. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, काळी पोत तोडली. एकीनं तिला पोटाशी धरून खरंखुरं रडून घेतलं. दमयंती पाटावर बसून होती. जो कधी नवरा नव्हताच त्याच्यासाठी तिनं हात पुढं केले, आणि त्या भल्या बायकांचे अश्रू तिनं फुकट घेतले. रात्रभर तिच्या मनात एकच घोळत होतं. देवूला कोण आहे? कोळ्याचं पोर, आई म्हातारी, बाप दर्यात गेलेला. कोण विचारणार आहे त्याला? आणि असं मनात आलं म्हणून ती स्वतःलाच घाबरली.

सकाळी ती माहेरच्या अंगणात उभी राहिली. वहिनी जमुनानं तिला पाहिलं, पांढरं कपाळ पाहिलं आणि आत गेली. विश्राम ओसरीवर पानं लावत बसला होता. त्याचे हात चालत होते, मान वर झाली नाही.

तिनं पिशवी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं आत पाहिलं. मग बराच वेळ तो पानंच मोजत बसला, मोजून झालेलीच पुन्हा.

"आहेर घेऊन गेलतो," तो शेवटी म्हणाला. "खांद्याच्या पिशवीत नारळ, धोतरजोडी, विडा. जमुना म्हणाली, झालं गेलं, जावई हाय तो आपला, गावात आलाय, जेवायला बोलवा. मी म्हटलं, बरं. चांगली चप्पल घालून गेलो. हात जोडले, म्हटलं, जावईबापू, घरी चला."

दमयंतीला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"हसला तो. म्हणाला, कसला जावई? लग्न कुणी केलंय तुमच्या बहिणीशी? मी म्हटलं, तिनं निरोप धाडला होता. तर म्हणाला, अहो, अशा निरोप धाडणाऱ्या माझ्याकडं पुष्कळ होऊन गेल्या. आणि पाठ फिरवून अंग टाकायला निघाला. पहार तिथंच होती."

तो चूक झाली म्हणाला नाही, आणि तिनंही त्याला तसं विचारलं नाही. विचारायला तिला तोंड कुठं होतं? खोटं तिचं होतं. तिनं ते मुंबईत बसून धाडलं, गावानं ते खरं धरलं, आणि तिचा भाऊ त्याच खोट्यावर नारळ ठेवून हात जोडायला गेला होता.

"दादा, देवूला धरलंय."

"सुटंल."

"नाही सुटणार. सगळ्यांदेखत जीव घेईन म्हणाला होता तो."

"कोळ्याचं पोर ते," विश्राम म्हणाला. "त्याला कोण विचारतो?" आणि त्यानं चपला उचलल्या, न्हाणीच्या चुलीवर पाणी तापत होतं तिच्या जाळात घातल्या. टायरचा काळा धूर अंगणभर झाला. "झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तुझ्या वाटेनं जा, तुला मी काय बोलणार नाय."

धूर होत होता तेव्हा दमयंतीला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर वाटलंच. आता तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं, आता कुणाला काही दाखवता आलं नसतं. पण भावाच्या तोंडून जे शब्द निघाले होते ते रात्री तिच्याच मनात आलेले होते, तसेच्या तसे, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती घाण आहेत हे तिला कळलं. ती उठली. अंगणातून बाहेर पडताना तिनं मागं पाहिलं नाही.

चौकीवर फौजदार चहा पीत होते. बाहेर कंपनीची माणसं, गावची चार रिकामटेकडी, पोलीस पाटील, सगळे जमलेले. ती सरळ आत गेली आणि सांगून टाकलं: चपला होत्या, मी उचलल्या, त्या माझ्या भावाच्या, त्या जळाल्या.

"बाई, पुरावा जाळून पुरावा सांगायला आलात?" बळवंतराव म्हणाले. "आणि भाऊ कशाला मारेल? बहिणीचं कुंकू कोण पुसतं स्वतःच्या हातानं?"

दाराशी काल तिला पोटाशी धरणारी बाई उभी होती. दमयंतीनं तिच्याकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं.

"ते माझं कुंकू नव्हतं," ती म्हणाली. "आमचं लग्न झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मी घरी खोटं सांगितलं. दादा त्यांना जावई म्हणून जेवायला बोलवायला गेला, आणि ते हसले."

दाराशी उभी असलेली बाई पदर डोक्यावर ओढून निघून गेली. बाकीचे मात्र थांबले, असं ऐकायला पुन्हा कधी मिळणार? दमयंतीनं सगळं सांगितलं, विचारलं ते आणि न विचारलेलंही. ती बोलतच राहिली. थांबली असती तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

पुढचं अवघड नव्हतं. पालघरचा व्यापारी म्हणाला, काल पानाच्या करंड्या घेऊन चिंधू एकटाच आला होता. विश्रामला आणलं, तेव्हा बहिणीनं चौकीत चारचौघांत काय सांगितलं ते त्याच्या कानावर घातलं गेलं. मग त्यानं नाकारलंही नाही. जे झाकायला हात उचलला तेच चव्हाट्यावर आलं होतं, आता झाकायला उरलं काय? जाताना तो दमयंतीच्या समोरून गेला. त्यानं तिच्याकडं रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ही बाई कुणाची कोण, असं बघून तो गेला.

दुपार टळल्यावर देवूला सोडलं. आतल्या दारातून तो भिंत धरून आला. त्याला उभं राहता येत नव्हतं. रात्री कबुलीसाठी त्याच्या तळपायांवर मारलं होतं, काठीनं, आणि पाय सुजून गाठोड्यासारखे झाले होते. चौकीत कुणाला काय ठाऊक, हा मुलगा पायांवर जगतो म्हणून? दमयंती धावली. त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार दिला, आणि दोघं पायऱ्या उतरले.

"ताई, तुमी आलात," तो म्हणाला. "मला ठाव होतं तुमी येणार. रात्रभर मी त्यांना तेच सांगत होतो, ताईंना इचारा म्हणून." मग जरा चालून, दम घेऊन त्यानं सहज विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. भावाच्या घरी गेले तेव्हा कळलं, असं म्हणता आलं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता. आयुष्यभर ठेवला असता.

"काल दुपारी," दमयंती म्हणाली. "तुला न्यायच्या आधी."

देवू थांबला. त्यानं आपल्या पायांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिच्या खांद्यावरचा हात त्यानं हळूच काढून घेतला, रस्त्याकडेच्या कुंपणाला धरलं, आणि एकटाच चालू लागला.