टक-फुस

"मॅडम, गणिताच्या तासाला आम्हाला सगळ्यांना झोप लागते, तेही आत्मसंमोहनच ना?"

प्रश्न ब्रायरने विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणींनी, मेरे आणि टेगनने, लावली होती. शाळेचा अख्खा हॉल खिदळला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पेनरोज सरांचे, म्हणजे गणिताच्याच सरांचे, कान लालबुंद झाले. ब्रायर मात्र तशीच उभी. आपण भर सभेत काहीही बोललो तरी आभाळ कोसळत नाही, हा शोध तिला याच वर्षी लागला होता, आणि तो ती सढळ हाताने वापरत होती.

झोपेवर बोलायला आलेल्या पाहुण्या बाई हसल्या नाहीत. "अगदी बरोबर! तीच जागा, तोच आवाज, तीच लय. घरी हेच मुद्दाम करायचं. आवडती जागा डोळ्यांसमोर आण, तिथली एखादी लय पकड, आणि ठोक्यागणिक अंगाचा एकेक भाग सैल सोड. सवय झाली की ती लय ऐकूनच झोप येईल."

"नीट ऐक गं," मेरेने चिमटा काढला. "गरज तुलाच आहे."

होतीच. आदल्या रविवारी जेवताना तिने नको तिथे तोंड उघडलं होतं. वसंत आला होता, गायी व्यायला लागल्या होत्या, आणि डॅड पहाटेच्या दुधासाठी गडी शोधत होता. "गडी कशाला? मी आहे ना!" ब्रायर म्हणाली.

"पुढच्या सोमवारपासून आठवडाभर करून दाखव," डॅड म्हणाला.

"आणि नाही जमलं तर पुढच्या वर्षी मुकाट्यानं शहरातल्या हॉस्टेलवर," ममने लगेच जोडलं. "मग हे गायी-गायी बंद."

ब्रायरला जन्मभर गायीच हव्या होत्या. पण पहाटे उठायचं तर दिवेलागणीलाच झोपायला हवं, आणि दिवसभर शाळेला न सापडलेली तिची हुशारी नेमकी उशीला डोकं टेकलं की जागी व्हायची.

तिने आवडती जागा निवडली, दूध काढायची शेड. लय निवडली, तिथल्या यंत्राची. टक-फुस, टक-फुस. 'टक'ला पायाची बोटं सैल, 'फुस'ला घोटे. गुडघे येईपर्यंत ती घोरायला लागायची. आठवडाभर तिने शाळेत नुसता उच्छाद मांडला.

"मी माझ्या मनाची मालकीण आहे!"

"एवढ्याशा जागेला मालकीण कशाला लागते?" टेगन म्हणाली.

सोमवार उजाडायच्या आत ब्रायर शेडमधल्या, दूध काढणाऱ्याने उभं राहायच्या लांबट खड्ड्यात उभी होती. दोन्ही बाजूंना, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर, गायींची ढुंगणं. डॅड पुढच्या गायी हाकायला बाहेर गेला. तिने ऐटीत बटण दाबलं.

टक-फुस.

बोटं सैल झाली. "अय्या," ब्रायरच्या मनात आलं. तोवर घोटे गेले. आपण किती हुशार आहोत हे तिला पुरतं कळलं, पण ते कळून उपयोग व्हायच्या आत गुडघेही गेले. हातात यंत्राचा, गायीच्या सडाला लावायचा कप धरूनच ती भिंतीला घासत खाली बसली आणि पेट्युनिया गायीच्या शेपटीखाली गाढ झोपली.

पेट्युनियाने शेपटी उचलली.

"काय मालकीणबाई," डॅड वरून वाकून म्हणाला, "आंघोळ झाली?"

सूर्य वर आला तेव्हा मम दारातच पाण्याची नळी घेऊन उभी होती. "तिथंच थांब! घरात पाऊल टाकायचं नाही." तिने धार सोडली. "मग? हॉस्टेलला फोन करू ना?"

"बाकीच्या गायींचं दूध हिनंच काढलं हं," डॅड हसू दाबत म्हणाला. "टक-फुस ऐकू येऊ नये म्हणून गळा फाडून गात होती. दोन गायी पळाल्या, पण ही जागी राहिली."

ब्रायरने कानातलं शेण काढलं, छाती पुढे केली आणि सभेत उभी राहायची तशी उभी राहिली.

"मम, डॅड, ऐका. मी हॉस्टेलला जाणार नाही. उद्या पहाटेही दूध मीच काढणार. फक्त झोपेची जागा बदलणार. आज रात्रीपासून मी मनातल्या मनात पेनरोज सरांच्या वर्गात जाऊन झोपणार. तिथं मी तशीही झोपतेच."