आईला झेपेल अशी गाडी

"एवढा वर नाही जात माझा पाय," सासूबाई म्हणाल्या आणि गाडीच्या उघड्या दाराशी तशाच उभ्या राहिल्या. एक हात काठीवर, दुसरा सुनेच्या खांद्यावर.

मागच्या रविवारची गाडी बुटकी होती. तीत बसताना खड्ड्यात पडल्यासारखं होतं, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून मुलानं आज मुद्दाम उंच गाडी बघितली, तर आज ती फार उंच निघाली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशातली गत. सुनेचा खांदा अवघडून आला होता, पण हात काढा असं कुणाला म्हणायची ती वेळ नव्हती.

जुन्या गाड्यांच्या दलालानं पळत जाऊन एक प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. हा माणूस प्रत्येक गाडीच्या सीटवर थाप मारून "मखमल आहे मखमल" म्हणायचा, त्यामुळे घरात त्याचं नाव मखमलशेठ पडलं होतं. स्टुलावर पाय देऊन, मुलाचा हात धरून सासूबाई एकदाच्या आत बसल्या. पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडून गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. उतरल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसला. गाडी वाईट नाही म्हणाल्या, पण आत कसलासा वास येतो, मळमळतं. मखमलशेठनं आत डोकं घालून चारी कोपरे हुंगले. त्याला वास आला नाही. सुनेलाही आला नव्हता.

"राहू दे मग," मुलगा म्हणाला. "पुढच्या रविवारी दुसरी बघू."

त्याचा स्वभाव सरळ होता, नको तिथंसुद्धा सरळ. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर त्याची हयात गेली होती, आणि एकदा रेघ आखून दिली की तो तिच्यावरून रेसभर हलायचा नाही. या खेपेची रेघ धाकट्या भावानं आखून दिली होती. आईला सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे ठेवू, मी कुठं नाही म्हणतोय, असं धाकटा फोनवर म्हणायचा. पण दिवसभराचा रस्ता आहे, बसनं नको, भाड्याच्या गाडीनं नको, तिच्या कमरेचं काय? आईला झेपेल अशी गाडी हवी. दुसऱ्या कुणी यातली टाळाटाळ ओळखली असती आणि तो गप्प बसला असता. थोरल्यानं ते जसंच्या तसं खरं मानलं. साठवलेलं होतं ते मोडून तो गाडी शोधायला निघाला. फार मोठी नको, गल्लीत वळली पाहिजे. फार लहानही नको, आईला पाय पसरता आले पाहिजेत. जुनी चालेल. वेग नको, दिमाख नको, फक्त धक्का बसता कामा नये.

सुनेला ती गाडी हवी होती. नवऱ्यापेक्षाही जास्त हवी होती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं आणि पुढं ते जुळलंही, पण रात्री एकटीनं उठायची त्यांनी जी धास्ती घेतली ती गेली नाही. रात्री हाक यायची. कधी पाण्यासाठी, कधी बाथरूमसाठी, कधी नुसतंच दार लावलंय का विचारायला. नवरा सकाळची सगळी कामं निमूट करायचा, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, पण झोपेत त्याला घरासकट उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं. हाकेला सूनच उठायची. या गोष्टीला आता वर्षं झाली होती. वीज कार्यालयात ती तक्रारींच्या खिडकीवर बसायची. तिथं एकदा समोर माणूस बिल घेऊन उभा असताना तिचा डोळा लागला. साहेब रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला मागच्या टेबलावर बसवलं, आणि महिन्याभरानं परत खिडकीवर आणलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिला सहा महिने पाहिजे होते. त्या सहा महिन्यांत कुठं जायचं नव्हतं की काही करायचं नव्हतं. एक रात्र सलग झोपायचं होतं, आणि मग दुसरी.

वासाच्या तक्रारीनंतर दोन दिवसांनी, खिडकीवर बसल्या बसल्या, तिला उमगलं. ज्याचं बिल खरंच चुकलेलं असतं तो माणूस एकच तक्रार घेऊन येतो. दहा वेळा आला तरी तीच, शब्दसुद्धा तेच. ज्याला मुळात बिल भरायचंच नसतं त्याची तक्रार दर खेपेला बदलते. आधी मीटर, मग आकडा, मग शेजारी. सासूबाईंची आधी बुटकी होती, मग उंच होती, मग वास होता. त्यांच्या कमरेला गाडी झेपत नव्हती असं नव्हतं. त्यांना जायचं नव्हतं.

का जायचं नव्हतं तेही तिला ठाऊक होतं. पडण्याच्या आधी एकदा त्या धाकट्याकडे राहून आल्या होत्या. दीर वाईट नव्हता, जाऊ तर बोलायला गोडच होती, पण दोघं सकाळी बाहेर पडत ती अंधार पडल्यावर परतत. परत आल्यावर मटार सोलता सोलता सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "दिवस फार मोठा असतो गं तिथं." इथं समोरच्या दारातली शिंपीणकाकू दुपारी येऊन बसायची. मग दोघी मिळून आख्ख्या इमारतीला नावं ठेवायच्या, त्यात सूनही सुटत नसे, आणि संध्याकाळी दोघी टवटवीत दिसायच्या.

हे नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी मखमलशेठला नको म्हणून कळवलं असतं. आईला जायचं नाही ना, मग प्रश्नच मिटला. त्याचा मिटला असता. रात्रीच्या हाका मात्र जिच्या वाट्याला होत्या तिच्याच वाट्याला राहिल्या असत्या. म्हणून ती गप्प बसली. गप्प बसल्याचं तिला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटून घ्यायचाही आता कंटाळा आला होता.

त्यानंतरच्या रविवारी मखमलशेठनं राखाडी रंगाची गाडी दाखवली. एका निवृत्त डॉक्टरांनी ती जपून वापरली होती. सीट बरोबर कमरेच्या उंचीवर, ना चढायचं, ना आत बुडायचं. दार चांगलं रुंद उघडत होतं. मागच्या सीटची पाठ खालचा खटका ओढला की हवी तेवढी कलायची, आणि मधे हात टेकायला रुंद उशी होती. मखमलशेठ आज एकदाही मखमल म्हणाला नाही. त्यावरूनच गाडी चांगली असणार हे कळत होतं.

नवरा चालवायला बसला, मखमलशेठ त्याच्या शेजारी, दोघी मागं. सासूबाई काहीतरी शोधत असल्यासारख्या इकडेतिकडे बघत होत्या. काचा फार काळ्या आहेत म्हणाल्या. मग एसीचा वारा अंगावर येतो म्हणाल्या. सुनेनं झडप फिरवून वारा दुसरीकडे वळवला. त्यापुढं त्यांना म्हणायला काही सापडेना. जकात नाक्यापुढचा रस्ता उखडलेला होता, तिथं भल्याभल्या गाड्या आतल्या माणसांची हाडं मोजतात. ही गाडी खड्ड्यात उतरत होती आणि वर येत होती, आतलं माणूस मात्र जागच्या जागी. थोड्या वेळानं काठी घरंगळली. सुनेनं ती पायानं अडवली आणि वळून पाहिलं. सासूबाईंना झोप लागली होती. मान सीटच्या पाठीवर, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. एवढ्या वर्षांत त्यांना असं बेफिकीर झोपलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं. तेवढीच त्यांची दयाही आली.

शेडमध्ये येऊन गाडी थांबली तशा सासूबाई जाग्या झाल्या. "आलो का?" म्हणाल्या, आणि मग पुरत्या जाग्या झाल्या.

"कंबर भरून आली," त्या म्हणाल्या. "नाही जमायचं मला."

नवऱ्यानं इंजिन बंद केलं. नेहमीसारखं राहू दे म्हणाला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो समोरच्या पत्र्याकडे बघत बसला. हा माणूसही थकतो, हे सुनेला त्याच्या मानेवरून त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मागं न वळता त्यानं विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

काही वाटत नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. आणखी एक रविवार गेला असता, मग आणखी एक, आणि कधीतरी नवऱ्यानंच नाद सोडला असता. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, काठीच्या मुठीकडे बघत होत्या.

"आई झोपल्या होत्या," ती म्हणाली. "नाक्यापासून इथपर्यंत."

खिडकीवर बिलाचा आकडा वाचून दाखवावा तसा तिचा आवाज आला. मखमलशेठचं पोट बोलण्यावर, पण तो काचेबाहेर बघू लागला. सासूबाईंनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर तिनं तो सोसला असता, रागाची तिला सवय होती. पण तसं काही नव्हतं. बरोबर चालणारं माणूस मधेच आपल्या वाटेनं वळलं की त्याच्याकडे बघतात, तसं त्यांनी पाहिलं.

"लागली असेल झोप," त्या मुलाला म्हणाल्या. "ती कशाला खोटं बोलेल? घे तू ही. चांगली आहे गाडी."

त्या रात्री नेहमीसारखी हाक आली. सून नेहमीसारखी उठली, पाणी दिलं, पांघरूण सारखं केलं. पुढच्या दिवसांत सासूबाईंनी गाडीचा विषय काढला नाही, टोमणा मारला नाही, जेवणावर राग काढला नाही. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर सुनेनंही मनातलं चार शब्दांत सांगून टाकलं असतं. शिंपीणकाकूला त्या दारात उभ्या राहून सांगत होत्या, "मुलांनी गाडी घेतली माझ्यासाठी. म्हणाली, आईला धक्का लागता कामा नये. धाकटा कधीचा वाट बघतोय." आत भांडी लावणाऱ्या सुनेला सगळं ऐकू येत होतं. सांगताना त्यांचा आवाज कुठंही हलला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं गाडी पुसून अगदी दाराशी आणली. सुनेनं खटका ओढून सीटची पाठ कलवली, मागं मऊ उशी ठेवली, पायाशी चादर अंथरली. सासूबाई बसल्या, पण सीटच्या पुढच्या कडेला. पाठ ताठ, एक हात खिडकीवरच्या कडीला, दुसरा काठीवर. उशी मागं तशीच राहिली.

शहर संपलं, कालवा गेला, कारखान्यांच्या चिमण्यांचा पट्टा गेला. सासूबाई तशाच बसून होत्या. नवरा आरशातून विचारायचा, "कशी चाललीय, आई?" आणि त्या म्हणायच्या, "छान." तो खूश होऊन पुन्हा रस्त्याकडे बघायचा. चहाला थांबले तिथं सुनेनं त्यांना धरून चार पावलं फिरवून आणलं. परत गाडीत बसताना तिनं उशी जरा पुढं सरकवून दिली. त्यांनी ती हातानं हळूच मागं सारली.

सुनेला आता राग आला. सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही, असं ती मनात म्हणाली. एवढा शोध, एवढे रविवार, आणि आता कुणाला दाखवायला हे ताठ बसणं? सासूबाईंच्या कमरेत कळ येत असणार, मधूनमधून त्यांचे ओठ घट्ट मिटत होते. उन्हं कलली तेव्हा तिला राहवेना. नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं ती म्हणाली, "आई, टेका ना जरा. एवढी गाडी घेतली ती कशासाठी?"

"टेकलं की झोप लागते."

"मग लागू दे की."

सासूबाई बाहेर बघत होत्या. बाहेर शेतं होती, मधेच एखादं गॅरेज, मधेच विटांची भट्टी. बघण्यासारखं असं काहीच नव्हतं.

"झोपलं की रस्ता लवकर संपतो गं," त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर त्या पुन्हा बाहेर बघू लागल्या. खिडकीवर इतकी वर्षं काढलेल्या सुनेला प्रत्येक तक्रारीचं एक ठरलेलं उत्तर येत होतं. ही मात्र तक्रारच नव्हती. परत फिरा असं ती म्हणू शकत होती. ते शब्द तिच्या तोंडापर्यंत आलेही. पण तिला झोप हवी होती, अजूनही हवी होती, आणि ते शब्द तिनं गिळले. पुढं रस्ता नवा होता, गुळगुळीत आणि सरळ. नवरा रंगात येऊन चालवत होता. गाडी खरंच चांगली होती, वेग वाढलेला आत कळतसुद्धा नव्हता.

ती पुढं वाकली. "अहो, जरा हळू घ्या."

"का? आईला त्रास होतोय का?"

"नाही. तुम्ही घ्या हळू."

त्यानं आरशातून एकदा दोघींकडे पाहिलं, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मागून येणारे ट्रक एकेक करून त्यांना ओलांडून पुढं जाऊ लागले.