खिडकीच्या उजेडातली हनुवटी

पाहुण्यांना पोह्यांच्या बश्या देऊन पूर्वी टेकली, तोच तिच्या आईने, जयमालाने, तिची हनुवटी दोन बोटांत धरली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि जबड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“पावडर गेली बघ हितली,” ती म्हणाली. “डाग दिसतोय.”

बोलून झाल्यावर तिला कळलं, की आपण बोललो.

एकोणीस वर्षं चाकणच्या कंपनीत ती हेच करत आली होती. गिअरबॉक्सचं झाकण उचलायचं, ट्यूबच्या उजेडात फिरवायचं, कडेवरून अंगठा न्यायचा. चीर दिसली, छिद्र दिसलं, की लाल मार्करने गोल करायचा आणि लाल ट्रेत टाकायचं. एका झाकणाला नऊ सेकंद. चांगलं झाकण हातातून जायचं, डोळ्यांत राहायचं नाही. एकदा एक चिरलेलं झाकण सुटलं, तेव्हा नवनाथ सुपरवायझरने त्याचा फोटो तिच्या टेबलासमोर चिकटवला. रोज बघत जा ताई, म्हणाला. तिने बघितला.

मग घरीही तेच दिसू लागलं. भाकरीत करपलेला पापुद्रा, रांगोळीत चुकलेला ठिपका, धुतल्या साडीत राहिलेली घडी. “मलाबी टाक लाल ट्रेत,” नवरा रविराज आधी हसून म्हणायचा. पुढे त्याने तिच्याशी बोलणंच कमी केलं. लेक दहावीत असताना तिच्या जबड्याखाली तो पांढरा डाग उमटला. तेव्हापासून रोज सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, मायलेकी ट्यूबखाली उभ्या राहत. वाढला न्हाई, एवढं म्हणून जयमाला पायात चपला सरकवायची. दिवसभरात तेवढंच त्यांचं बोलणं.

आज पाहायला आलेला क्षितिज राजगुरुनगरला लेकीबरोबर एकाच शाळेत शिकवत होता. मागणी त्यानेच घातली होती. डाग त्याने पाहिला होता, स्वतःच्या आईला आपणच हळूहळू सांगू म्हणाला होता. आज सकाळी पूर्वीने तेवढंच मागितलं होतं, आज डागाचं काढू नकोस. मी कशाला काढू, जयमाला म्हणाली होती, आणि तिला ते मनापासून वाटलं होतं.

क्षितिजच्या आईने, अरुंधतीबाईंनी, बशी खाली ठेवली.

“कोड आहे का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. मग मुलाकडे वळून, “तुला माहीत होतं?”

क्षितिज जमिनीकडे बघत राहिला. “नाही,” म्हणाला.

पूर्वीने आईकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं, आणि रिकाम्या बश्या एकात एक ठेवत राहिली.

संध्याकाळी तिने बॅग भरली. राजगुरुनगरला एका मैत्रिणीची खोली होती. उंबऱ्यात ती थांबली. आई थांब म्हणेल म्हणून. मागे जयमाला उभी होती. तिचे डोळे खाली गेले होते, बॅगेवर.

“चेन अर्धी उघडी हाय बघ,” ती म्हणाली.

पूर्वीने चेन ओढली आणि जिना उतरली.

दिवाळीला ती आली नाही. संक्रांतीलाही नाही. फाल्गुनात कंपनीच्या बसमध्ये नवी लागलेली केसरबाई शेजारी बसली. बोलकी बाई. पोराबाळांचं विचारू लागली.

“लेक कुणावर गेलीया? तुमच्यावर का बापावर?”

जयमालाने डोळे मिटले. डाग लगेच आला, नखाएवढा, खालची कड दातेरी. तिथून ती वर सरकू लागली. ओठ शोधले. नाक शोधलं. हसताना गालावर काही पडायचं का, आठवून पाहिलं. वर काहीच नव्हतं.

“बापावर असंल,” ती म्हणाली.

बस वळली. मांडीवरच्या डब्याच्या कडेवरून तिचा अंगठा हळूहळू फिरत होता.