गादीखालची हाडं

सुनेला विचारायची म्हणून सवयच नाही. घरातलं हवं ते उचलायचं, आणि शोधाशोध सुरू झाली की "सांभाळून ठेवलंय, आई" म्हणून मोकळं व्हायचं. मागे सासूबाईंच्या गादीखालचे एक्स-रे गेले. वाकू नयेत म्हणून इतक्या वर्षांचे सगळे तिथेच सरळ पसरलेले. बाई रोज आपल्याच हाडांवर झोपायच्या. तेव्हाही उत्तर तेच, सांभाळून ठेवलेत!

आज ते सापडले. भर वाचनालयात.

देशोदेशीच्या कलावंतांनी हातांनी केलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन होतं, त्यात सुनेचंही एक. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. कुठलं पुस्तक लाकडाचं, कुठलं लोकरीनं विणलेलं. "यात वाचायचं काय, कपाळ?" त्या पुटपुटल्या. शेजारी विहीणबाई लेकीच्या कौतुकानं फुगून चालत होत्या.

शेवटच्या टेबलाच्या काचेखाली दिवा लावलेला. वर एक काळंभोर पुस्तक. हातमोजे घातलेल्या एका पाहुण्यानं पान उलटलं आणि सासूबाई पुढे सरसावल्या. गुडघा! आतला स्क्रूसुद्धा त्यांचाच. पुढच्या पानावर पाठीच्या कण्याचा जिना, त्याच्या पुढच्यावर बरगड्यांचं छप्पर. सुनेनं पांढऱ्या रेघांनी त्यांच्या हाडांवर घर काढलं होतं. त्यांचंच घर, मागच्या दाराच्या तुटक्या कडीसकट. आणि ही परकी माणसं त्यात वाकवाकून बघत होती. भर रस्त्यात कुणी अंगावरचं पांघरूण ओढावं, तसं झालं त्यांना.

त्यात दोघंजण माना खाली घालून उभे राहिले. एकीनं तर डोळे टिपले.

विहीणबाई कानाशी लागल्या, "गेलेली दिसते हो बिचारी. कोण असेल?"

"मी!"

सगळं दालन गर्रकन वळलं. सून धावत आली, चेहरा पांढराफटक.

"आई, सांगणारच होते. पण तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते!"

"मग आत्ता म्हणा. लगेच उचलते."

सासूबाईंनी पुन्हा एकदा पानाकडे पाहिलं. कडीसुद्धा विसरली नव्हती मेली.

"खबरदार हात लावलास तर! हाडं माझी, घर माझं, चोरी तुझी. आणि वर जिवंतपणी मारून टाकलंस मला? घे पेन. बाई धडधाकट आहे, इथेच उभी आहे, असं लिही. मोठ्या अक्षरात. तुझ्या आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या!"