फुंकरबाबाची राख

"मी मेलेय," व्यासपीठावरच्या खुर्चीतून म्हातारी ओरडली. "मेलेल्या बाईला खुर्ची कशाला दिलीत?"

हॉल खच्चून भरला होता. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. भिंतींवर कपाटांचे चौकोन अजून उमटलेले होते. म्हातारीच्या हातांना झटके येत होते आणि कैक वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याशी ती मोठमोठ्याने भांडत होती. पुढच्या रांगेतल्या बायकांची तिच्या पाया पडायला रेटारेटी चालली होती.

फुंकरबाबाने माइक ओढला. "ऐका! हिच्या कमरेला नागिणीचा विळखा पडला होता. तोंड-शेपूट जुळायला बोटभरच उरलं होतं! डॉक्टरांचं शास्त्र हात टेकतं ना, तिथे माझी फुंकर सुरू होते. नागीण माझ्या राखेने जाळली, आणि आता हिच्या तोंडून पलीकडची माणसं बोलताहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दारातून आत आलेली म्हातारीची थोरली लेक मात्र जागीच थिजली. मशीनवरचं शिवण अर्धवट टाकून ती धावत आली होती. "ताई, लवकर ये, आईच्या अंगात दैवी शक्ती आलीय," असा धाकट्या भावाचा फोन होता. तो मालवाहू गाडी चालवायचा आणि फावल्या वेळात बाबाची सेवा करायचा. कमरेवर फोड उठले तेव्हा आईला इथे त्यानेच आणलं होतं.

थोरलीला दिसले ते आईचे सुजलेले पाय आणि भेगाळलेले ओठ. परवापर्यंत शब्दकोडी सोडवणारी, लेकीच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारी ही बाई!

"लघवीला कधी गेली होती ही?"

"ताई, हे काय इथे विचारतेस!"

"कधी?"

"काल सकाळी, बहुतेक. बाबांनी पाणी बंद केलंय. पाण्याने राखेचं तेज उतरतं म्हणे."

"तिच्या किडन्या आधीच निम्म्या गेल्यात, हे सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. म्हणाले, माझ्या राखेला किडनी कळत नाही."

थोरली गर्दी कापत व्यासपीठावर चढली. बाबा आडवा आला. "बाई, हिला हलवलंस तर पाप लागेल!"

"लागू दे. धाकट्या, बघत काय बसलास? उचल आईला!"

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी खपल्या धरलेले फोड पाहिले, रक्ताचा अहवाल पाहिला आणि विचारलं, "नागिणीवर गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"गोळ्या नाहीत. बाबांची राख खाते," धाकटा म्हणाला.

"नुसत्या राखेने हे होणार नाही. किडनी बंद पडत आलीय, भास होताहेत, झटके येताहेत, वर 'मी मेलेय' म्हणताहेत. असायक्लोव्हिर जास्त झालं की मी हे पाहिलंय. औषध चांगलं आहे. कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दडून बसतो, पुढे नागीण होऊन उठतो, त्याला ते रोखतं. पण ते शरीरातून बाहेर जातं किडनीवाटे. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, पाणी द्यावं लागतं. नाहीतर ते साचत जातं आणि मेंदूला त्रास देतं."

"बाबांच्या मागच्या खोलीत मिक्सर चालतो," धाकटा पुटपुटला. "आणि ते खोके... सेवेचं सामान म्हणून माझ्याच गाडीतून येतात."

डायलिसिस सुरू झालं. साचलेलं औषध उतरत गेलं तशी आई माणसात आली. "ह्या नळ्या कसल्या?" तिने विचारलं, आणि थोरली तिच्या उशाशी ढसाढसा रडली. भीती होती तोवर तिला रागवायला सवडच नव्हती. आता अंगाचा नुसता भडका उडाला.

पोलिसांना कळवून भावंडं हॉलवर पोचली. बाबा जमलेल्या गर्दीला जुनीच टेप ऐकवत होता. धाकट्याने मागच्या खोलीतून एक पोतं ओढत आणलं आणि व्यासपीठावर उपडं केलं. असायक्लोव्हिरच्या गोळ्यांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्यांचा ढीग पडला. त्यावर थोरलीने मिक्सरचं भांडं आपटलं. आत पांढरी भुकटी, कोळशाच्या राखेत कालवलेली.

"हे... हे रुग्णांनी टाकलेलं औषध आहे!" बाबा चाचरला.

"खोके मीच वाहिलेत, बाबा," धाकटा म्हणाला. "माझ्या आईचं विष मीच वाहिलं."

गर्दीतून एकजण ओरडला, "असेना का गोळी! गुण तर आला ना आम्हाला?"

"आला!" थोरली कडाडली. "औषधाचा आला, फुंकरीचा नाही. तेच औषध डॉक्टर देतात, पण आधी किडनी तपासतात, मात्रा ठरवतात, पाणी प्यायला सांगतात, काय त्रास होईल तेही सांगतात. ह्याने नाव लपवलं आणि पाणी तोडलं. माझी आई विषबाधेने बरळत होती आणि तुम्ही तिच्या पाया पडत होतात! एकानेही विचारलं नाही, ह्या राखेत काय आहे?"

बाबा मागच्या दाराकडे सरकला, तर तिथे हवालदार उभा.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खिशातून राखेची पुडी काढली. "पोरी, मलाही किडनीचा त्रास आहे. हे घेऊ का नको?"

"घेऊ नका काका, पण टाकूही नका. चला, डॉक्टरांना दाखवू. आणि ते जे औषध देतील, त्याचंही नाव विचारा. कशासाठी, किती, काय त्रास होईल, सगळं विचारा. जो सांगणार नाही, त्याच्या हातचं काही तोंडात घालू नका."

म्हाताऱ्याने पुडी नीट मिटली आणि रांगेतून बाहेर आला. त्याच्यामागून आणखी एक बाई आली. मग रांगच वळली.