सोडून दिलेली चूक

पेपर तपासून परत आला तेव्हा वानचिंगने आधी एकूण गुण पाहिले नाहीत. तिने सत्ताविसावा प्रश्न पाहिला. तो आपला चुकलाय हे तिला मघाशीच कळलं होतं, पांग बाई बरोबर उत्तरं वाचून दाखवत होत्या तेव्हा.

स्कॉटलंडमधली एक म्हातारी रोज समुद्रपक्ष्यांना पाव घालते, त्याबद्दल शेजाऱ्यांचं मत काय, असा तो प्रश्न. वानचिंगने 'उदासीन' हा पर्याय निवडला होता. इंग्रजीच्या उताऱ्यांत 'उदासीन' हे उत्तर कधीच बरोबर नसतं, असं पांग बाईंनी दोन वर्षांत निदान शंभरदा सांगितलं असेल. ज्यांना कशाचंच काही वाटत नाही अशा माणसांवर कोण प्रश्न काढेल? तरी शेवटच्या पाच मिनिटांत घाईने तिने तेच लिहिलं होतं. आणि त्या उत्तरापुढे आता लाल शाईत बरोबरची खूण होती.

तिचा पेपर तपासला होता मान्यीने. दोघींची टेबलं एकमेकींना लागून होती. पहाटेच्या वाचनाला व्हरांड्यात शेजारी उभ्या राहून घसा फुटेस्तोवर शब्द पाठ करत. वानचिंगने तिच्याकडे वळून पाहिलं. मान्यी फळ्याकडे बघत होती.

"पक्ष्यांनी घात केला होता ना?" ती ओठ न हलवता पुटपुटली. "माझ्याकडे बघू नकोस, बावळट. पेपर मिटून ठेव."

दोन गुणांचा प्रश्न होता.

सत्रातला हा आठवा आणि शेवटचा पेपर. आठही पेपरांची बेरीज करून क्रम लागायचा, आणि पहिल्या तुकडीतल्या चाळीस जणांपैकी शेवटचा जो असेल तो तळमजल्यावरच्या नवव्या तुकडीत जायचा. तिथून एक जण वर यायचा. नवव्या तुकडीला चांगले शिक्षक मिळत नसत. गेल्या तीन वर्षांत तिथल्या एकालाही धड विद्यापीठ मिळालं नव्हतं. वानचिंगची आई कापडगिरणीतली नोकरी सोडून शाळेच्या फाटकासमोर खोली घेऊन राहिली होती, ती मुलीला पहिल्या तुकडीत ठेवण्यासाठी. नवव्या तुकडीसाठी कुणी नोकरी सोडत नाही.

मॉनिटर हाओ फळ्यावर बेरजा मांडू लागला. तो खालून वर लिहीत असे. त्यात त्याला मजा वाटायची.

चाळिसावी, वानचिंग, ८६८. एकोणचाळिसावी, मान्यी, ८७१.

मागून कुणीतरी म्हणालं, "वानचिंग, उतरताना पायऱ्या मोज गं, बेरीज तरी सुधारेल!" वर्ग हसला. हाओसुद्धा हसला, पण त्याचा खडू थांबला नाही.

मान्यीचा हात टेबलाखालून तिच्या मनगटावर आला. "पुरले नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं होतं दोन गुणांनी होईल. अगं, मला वाटलं होतं..."

वानचिंग आकडे बघत होती. तिच्या ८६८ मध्ये ते खोटे दोन गुण धरलेले होते, आणि तरीही तीन कमी पडत होते.

"हरकती," पांग बाई म्हणाल्या आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "दहा मिनिटं."

हरकतींचा नियम बाईंनी गेल्या महिन्यात केला होता. तपासणाऱ्याने चूक सोडली तर सोडलेल्या गुणांच्या दुप्पट गुण त्याच्याच बेरजेतून जायचे. "सर्जन टाका घालायला विसरला तर शिक्षा रुग्णाला का?" असं बाईंचं म्हणणं. मग मुलं एकमेकांचे पेपर भिंग लावल्यासारखे तपासू लागली. पूर्णविराम स्वल्पविरामासारखा दिसला तरी अर्धा गुण कापायची. त्यातून भांडणं झाली तेव्हा बाईंनी दुसरा भाग जोडला. ज्याचा पेपर आहे त्याने स्वतःच उठून सुटलेली चूक सांगितली, तर त्याचे गुण कापायचे नाहीत. खरं बोलून तोटा होणार असेल तर खरं बोलणार कोण? हा दुसरा भाग आजवर कुणी वापरला नव्हता. आपल्याला फुकट मिळालेलं कोण कशाला सांगेल!

वानचिंगने पेनाने तळहातावर लिहिलं: ८६८. त्याखाली लिहिलं, ८७१ वजा ४.

उत्तर तिला लिहावं लागलं नाही. तिने ते पुन्हा एकदा मनात केलं, कारण वजाबाकीत ती चुकायची. ८६७.

एक गुण.

मान्यीने अजून तिचं मनगट धरलेलं होतं. हात वर करायचा तर आधी ते सोडवून घ्यायला हवं होतं. वानचिंगने दुसरा हात वर केला.

"बोल," बाई म्हणाल्या.

ती उभी राहिली. "बाई, माझा सत्ताविसावा प्रश्न चुकलाय. पण बरोबर धरलाय."

मनगटावरची बोटं सुटली नाहीत, फक्त सैल पडली.

बाईंनी पेपर मागवला, पाहिला. "कुणी तपासला?"

"मी," मान्यी म्हणाली.

"दिसली नाही की सोडलीस?"

मान्यीने वानचिंगकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला अजून काही उमगतच नव्हतं. "दिसली नाही, बाई."

बाई फळ्याकडे वळल्या. ८७१ च्या जागी ८६७ लिहून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, कारण आता त्यांनाही दिसलं. वळल्या तेव्हा त्यांनी वानचिंगकडे पाहिलं. त्या चांगल्या शिक्षिका होत्या, हुशारी त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"नियम नियम आहे," त्या म्हणाल्या. "तुझी बेरीज-वजाबाकी सुधारली म्हणायची." मग वर्गाला म्हणाल्या, "टाळ्या वाजवा. प्रामाणिकपणाला टाळ्या वाजवायच्या असतात."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात हाओने वाजवल्या.

खाली जाणाऱ्याने आपलं टेबल स्वतः न्यायचं आणि दुसरं टोक धरायचं ते यादीत लगेच वर असलेल्याने, म्हणजे आपण किती थोडक्यात वाचलो ते लक्षात राहतं. हाही बाईंचाच नियम. जेवणाची घंटा व्हायच्या आधी दोघींनी टेबल उचललं. मान्यी पुढे, उलटी चालत. वानचिंग मागे.

त्या जिन्याच्या पहिल्या वळणाशी आल्या.

"पायरी," मान्यी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तू विसरली होतीस ना? दुप्पट कापतात ते?"

वानचिंगला हो म्हणता आलं असतं. मान्यीने ते तिच्या हातात आणून ठेवलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"तळहातावर काय लिहिलंयस?"

"काही नाही."

"दाखव."

"टेबल पडेल."

मान्यी थांबली. टेबलाचं वजन दोघींच्या मधे तसंच लटकत राहिलं. "माझं मीच तुला दिलं असतं गं," ती म्हणाली. "मी बाईंना म्हणाले असते, मला खाली पाठवा."

"नसतीस म्हणाली."

मान्यीने विचार केला. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती, सकाळपासून दोनदा बोलली तेवढंच. "हो," ती म्हणाली. "नसते म्हणाले. पायरी."

नवव्या तुकडीच्या मुलांनी टेबल कुठे ठेवायचं ते हाताने दाखवलं. कचऱ्याच्या डब्याशेजारी जागा होती.

जेवायला दोघी एकाच खोलीवर जात. दोघींच्या आया एकाच भाड्याच्या घरात, एकाच स्वयंपाकघरात, दोन शेगड्यांवर रांधत. त्या दिवशी मान्यीच्या आईने मासा केला होता, आणि वानचिंगची आई दारातच मोबाइल हातात धरून उभी होती.

"आली माझी प्रामाणिक पोर! बाईंनी पालकांच्या ग्रुपवर टाकलंय. स्वतःचा पेपर, स्वतःची चूक, आणि उठून सांगितली. तुम्ही वाचलंत ना, मान्यीच्या आई?"

"वाचलं तर! असं वळण लागतं नशिबाने," मान्यीची आई म्हणाली. तिने माशाचा पोटाकडचा तुकडा, जो ती रोज मान्यीला वाढायची, वानचिंगच्या वाडग्यात घातला. "खा, पोरी. आज तुझा मान."

वानचिंगने मान्यीकडे पाहिलं. मान्यी भात वाढून घेत होती.

"पण तपासायला होती तरी कोण ती?" वानचिंगच्या आईने विचारलं. "एवढी ढळढळीत चूक दिसू नये?"

वानचिंगचे चॉपस्टिक वाडग्यावर थांबले.

"होती एक," मान्यी म्हणाली. "मूर्ख होती."

"मूर्ख कसली, लबाड असेल! कुणाला तरी चोरून गुण द्यायचे म्हणजे काय? वानचिंग, असल्या पोरींची संगत धरायची नाही हं, सांगून ठेवते."

"बरं," वानचिंग म्हणाली आणि मासा खाल्ला. त्यात काटा नव्हता. मान्यीच्या आईने तो आधीच काढला होता.

क्रमांकांची यादी ग्रुपवर दोन वाजता यायची होती. अजून पन्नास मिनिटं होती. मान्यीच्या आईने आणखी भात वाढला.